बेड नंबर अकराची हिरवी चादर

दवाखान्यात डॉक्टर पेशंटजवळ दिवसातून दोनदा येतात, तेही दिवस चांगला असला तर. सिस्टर गोळ्या-इंजेक्शनच्या वेळेला येतात. बाकीचा वेळ पेशंटच्या आसपास जी असते तिला मावशी म्हणतात. मी एकोणतीस वर्षं मावशी होते. पिंपरीतल्या एका खाजगी दवाखान्यात लागले तेव्हा तिथे वीस खाटा होत्या, सुटले तेव्हा दीडशे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. या अंकाचे संपादक आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, निवृत्त मास्तर आहेत. ते म्हणाले, सेवाभावावर चार पानं लिहा. मी म्हटलं, मास्तर, मला पगार मिळायचा, म्हणून मी जायचे. कामाचं लिहिते, चालत असेल तर घ्या. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली आहे, शुद्धलेखन त्यांनी बघावं.

काम काय असतं ते आधी सांगते. पेशंटला भांडं द्यायचं, काढायचं, धुवायचं. अंग पुसायचं. उठता येत नाही त्याची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रक्त-लघवीच्या बाटल्या लॅबमध्ये पोचवायच्या, पेशंटला ट्रॉलीवरून एक्स-रेला न्यायचं. आणि चादर बदलायची. माणूस खाटेवर असताना त्याच्याखालची चादर बदलणं हे कसबाचं काम आहे. त्याला एका कुशीवर करायचं, मळकी चादर गुंडाळत पाठीपर्यंत आणायची, तिच्या मागोमाग नवी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन मळकी ओढून घ्यायची. टाके असलेल्या माणसाला कळसुद्धा लागायची नाही अशी चादर मी बदलत असे. नव्या पोरी चार महिने शिकतात तरी पेशंट ओरडतो.

माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका कंपनीतले निवृत्त फोरमन होते, मी बेल वाजल्यापासून किती मिनिटांत आले ते कागदावर लिहून ठेवायचे आणि घरी जाताना तो कागद मोठ्या डॉक्टरांना देऊन गेले. एका आजींना सुनेच्या हातचं भांडं नको असायचं. सून बाहेर उभी राहून रडायची आणि आजी मला म्हणायच्या, तिला उद्या परत भाजी करायची आहे त्या हाताने. दोघींचं बरोबर होतं.

चादरींवरून दवाखान्यात रोज भांडणं व्हायची. वरच्या मजल्यावर दोन-दोन खाटांच्या खोल्या होत्या, तिथल्या चांगल्या चादरी खाली जनरल वॉर्डात यायच्या आणि जनरलमधल्या फाटक्या वर जायच्या. वरचे पेशंट जास्त पैसे देणारे, ते तक्रार करायचे. धोबी म्हणायचा माझ्याकडून नाही, वॉर्ड म्हणायचा आमच्याकडून नाही. मी मेट्रनबाईंना सांगितलं, रंग वेगळा करा. जनरलला हिरव्या, वर पांढऱ्या निळ्या काठाच्या. आणि एक वही घाला. कुठल्या बेडच्या किती चादरी, कुठल्या रंगाच्या गेल्या, ते रोज लिहायचं. ती वही माझ्याकडे आली. माझं अक्षर बघून सिस्टर हसायच्या. पण भांडणं थांबली. त्या दवाखान्यात पुढे मशिनं आली, काचेचे दरवाजे आले, सगळं दुसऱ्यांनी सुचवलेलं. चादरींचा रंग मी सुचवला.

दुसरी गोष्ट मी जी करायचे ती चांगली नव्हती. तेव्हा मला चांगली वाटायची.

पेशंट दाखल झाला की हाउस डॉक्टर, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, खाटेशी उभे राहून माहिती विचारतात. साखर आहे का, बीपी आहे का, तंबाखू, दारू. पुरुष वेदनेत असतो, त्यामुळे उत्तर बायको देते. दारूचा प्रश्न आला की बायको आधी नवऱ्याकडे बघते. घरी जे बोलून उपयोग होत नाही ते बोलायची ही एकच जागा असते. डॉक्टर रागावले तर नवरा ऐकतो, सासूचं ऐकत नाही तेवढं ऐकतो. मग तो थोडी पीत असेल तर ती रोज म्हणते, रोज पीत असेल तर सकाळपासून म्हणते. डॉक्टर झापतात, लिव्हरचं नाव घेऊन घाबरवतात, आणि दोन-तीन महिने घरात शांतता राहते. मी हे इतक्या वेळा बघितलं होतं की पुढे पुढे मीच बायकांना आधी बाजूला घेऊन सांगायचे. वाढवून सांग, डॉक्टर चांगले झापतील.

पूर्वी यात काही बिघडत नव्हतं. लोक खिशातून पैसे भरायचे आणि तो कागद गठ्ठ्यात बांधून माळ्यावर जायचा. नंतर मेडिक्लेम आलं. आता त्या कागदाला वाचणारे आले, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बालाजी आणि मनीषा ही नावं मी बदलून लिहिते आहे. तो उदगीरकडचा, चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला ऑपरेटर. पगार वाढून ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, मर्यादेबाहेर गेला होता म्हणून कंपनीने मेडिक्लेम काढून दिलेलं. दोघांनी मोशीला अर्धा गुंठा जागा घेतली होती. अर्धा गुंठा म्हणजे किती, तर जनरल वॉर्डातल्या दहा खाटा मावतील एवढी. पण हप्ते फेडून घेतलेली.

तो आला तेव्हा पोट धरून वाकला होता, ओकत होता. स्वादुपिंडाला सूज. खाली जनरल वॉर्डात बेड अकरा दिला. मनीषा खाटेशी उभी होती, पर्स छातीशी धरून. मी तिला पाण्याचा नळ दाखवायला बाहेर नेलं आणि विचारलं, घेतो का?

"गटारीला. आणि कुणाचं लग्न असलं तर," ती म्हणाली. "पण मावशी, मला भीती वाटते ओ. ह्यांच्या मोठ्या भावाचं त्याच्यातच गेलं सगळं."

मी तिला नेहमीचं सांगितलं. रोज म्हण.

बालाजीला एक्स-रेला नेलं होतं तेव्हा हाउस डॉक्टरने तिला विचारलं आणि तिने रोज सांगितलं. सहा वर्षांपासून रोज, असं सांगितलं. हाउस डॉक्टर चांगला मुलगा होता. त्याने लिहून घेतलं आणि बालाजी परत आल्यावर त्याला अर्धा तास झापलं. बालाजी वेदनेने पिवळा पडला होता, काय बोलणार. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. सूज खड्यांनी आली होती. दारूचा संबंध नव्हता. पण कागदावर लिहिलेलं लिहिलेलंच राहिलं.

नऊ दिवस तो अकरा नंबरला होता. पहिले चार दिवस तोंडाने पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नव्हता, सगळं सलाइनवर. ओकाऱ्यांमुळे दिवसाला दोन-दोन, तीन-तीन चादरी. मनीषा रोज सकाळी मी चादर बदलली की त्याचा फोटो काढायची आणि गावाला सासूला पाठवायची. सासूला हात वर केलेला दिसला पाहिजे, नाहीतर ती गाडीत बसून यायला निघायची.

घरी सोडायच्या दिवशी दुपारी मी कपड्यांच्या खोलीत मोजणी करत होते. मनीषा आत आली. हातात दोन कागद.

"मावशी, मेडिक्लेम नामंजूर आलं. दारूमुळे आजार, असं लिहिलंय म्हणे." मग हळू म्हणाली, "आपण सांगितलेलं."

ती मला दोष देत नव्हती. तिने दोघींचा मिळून घेतला. मला तो जास्त लागला.

दुसरा कागद बिलाचा होता. दोन लाख एकतीस हजार. विमा कंपनी देणार नाही म्हटल्यावर दवाखान्याने सगळे त्यांच्याकडे मागितले. बालाजीच्या मावसभावाने मोशीच्या जागेसाठी एजंटला फोनसुद्धा केला होता. गिऱ्हाईक तयार होतं, अडलेला माणूस बघून भाव पाडून मागत होतं. संध्याकाळी टोकन द्यायला येणार होतं.

मी बिल हातात घेतलं. इंग्रजी मला येत नाही. पण वरच्या मजल्याच्या दारांवर जी अक्षरं लिहिली होती ती मी वीस वर्षं रोज पुसत होते. तीच अक्षरं बिलात पहिल्या ओळीत होती. दोन खाटांची खोली. नऊ दिवस.

बाहेरच्या माणसाला वाटेल, खोलीचं भाडं तेवढं जास्त लागलं. तसं नसतं. खाजगी दवाखान्यात खोलीवरून सगळ्याचा भाव ठरतो. तोच डॉक्टर खाली आला तर एक दर, वर आला तर दुसरा. रक्त तेच, सुई तीच, लॅब एकच, पण वरच्या पेशंटचं रक्त महाग. बालाजीच्या विम्यात दोन खाटांची खोली बसत होती, म्हणून दाखल करताना काउंटरवर तसंच भरलं. वर जागा नव्हती म्हणून दोन दिवस खाली ठेवतो म्हणाले आणि नऊ दिवस ठेवलं. विमा कंपनी भरणार, पेशंट कशाला बघतोय, असं चालायचं. विमा गेला आणि तो वरचा भाव ह्या पोरांच्या अंगावर आला.

सिस्टरकडून मी बाकीचं वाचून घेतलं. पहिल्या चार दिवसांत आहारतज्ज्ञांच्या चार भेटी आणि चार दिवसांचं सूप लावलं होतं. ज्याला पाणी बंद होतं त्याला.

मी चादरींची वही लाँड्रीच्या ट्रॉलीत घातली, वर मळक्या चादरी टाकल्या, आणि खाली बिलिंगला गेले. वही वॉर्डाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. मनीषाला म्हटलं, फोन घेऊन मागून ये आणि मी विचारेपर्यंत बोलू नको. तिचं बोलणं एकदा महागात पडलं होतं, माझंही.

बिलिंगचे मॅनेजर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मला बघून म्हणाले, "मावशी, तुम्ही चादरी बघा."

"चादरीच बघतेय," मी म्हटलं आणि वही टेबलावर ठेवली. "अकरा नंबर. नऊ दिवस. सगळ्या हिरव्या. वर हिरवी चादर जात नाही, असं दर वर्षी तुमच्याच सहीचं पत्रक निघतं."

ते म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये दोन खाटांची खोली आहे, आणि ही वही म्हणजे काही कागदपत्र नाही. मी मनीषाला म्हटलं, दाखव. तिने एकेक फोटो काढून दाखवला. नऊ सकाळी, नऊ फोटो, बालाजी हात वर करून पडलेला आणि खाली हिरवी चादर. दोन फोटोंत मागच्या भिंतीवर वॉर्डाचं नाव दिसत होतं. एकात मी दिसत होते, पाठमोरी.

मॅनेजरनी फोन परत दिला. मनीषाला बाहेर बसायला सांगितलं. मग मला विचारलं, "नोकरी किती राहिली?"

"तेरा महिने."

"मग जपून करा ना."

मी म्हटलं, "साहेब, ही वही सतरा वर्षांची आहे. अकरा नंबरचं पान उघडलं. बाकीच्या बेडची पानं उघडायला लावू नका."

हे मी रागात बोलले. बोलताना मला माहीत नव्हतं बाकीच्या पानांत काय आहे. त्यांच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा कळलं. आजही मला त्याचं वाईट वाटतं. सतरा वर्षं मी चादरी मोजल्या, धोब्याची एक चादर बुडू दिली नाही, आणि ती वही एकदाही बिलाशेजारी ठेवून बघितली नाही. किती माणसं खाली झोपून वरचे पैसे देऊन गेली असतील. तो हिशोब आता होणार नाही. मी सुटल्यावर वही बंद झाली, असं ऐकते.

दोन तासांनी नवीन बिल आलं. एक लाख बत्तीस हजार. सूप गेलं, आहारतज्ज्ञ गेले, खोली खाली आली आणि तिच्याबरोबर सगळे भाव खाली आले. बालाजीने कंपनीच्या पतपेढीला फोन लावला. संध्याकाळी टोकन घेऊन आलेला माणूस वॉर्डाच्या दारात आला तेव्हा मनीषाने त्याला चहा पाजून परत पाठवलं. पतपेढीचा चेक दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होता. बिलिंगने विचारलं, तोवर पेशंट इथेच राहील ना? मी म्हटलं, पैशासाठी माणूस अडवून ठेवता येत नाही, हे तुमच्याच भिंतीवर लिहून लावलंय. त्याच दिवशी तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्याने पैसे भरले.

पुढचं मात्र फसलं. विमा कंपनीकडे पुन्हा अर्ज करता येतो. मोठे डॉक्टर खड्यांमुळे आजार झाला असं पत्र द्यायला तयार होते. मी स्वतः त्यांना विचारलं होतं. विम्याच्या काउंटरवरची बाई म्हणाली, पत्राबरोबर बायकोने स्टँप पेपरवर लिहून द्यावं लागेल की मी चुकीची माहिती दिली. मनीषा मला कोपऱ्यात घेऊन गेली.

"ह्यांना कळू देऊ नका मावशी. मी बोलले म्हणून. ते मला काही बोलणार नाहीत, पण कळू देऊ नका."

बालाजीने मला आधीच विचारलं होतं, दारूचं कागदावर कुठून आलं. मी म्हटलं होतं, रक्तात दिसतं. म्हणजे आणखी एक खोटं, तेही माझंच.

तरी मी वाट काढत होते. स्टँप पेपरचं काम त्याला न सांगता करता येईल का ते विचारत होते. तर बालाजीनेच नको म्हटलं. तो तपासणीला आला होता तेव्हा मी त्याला वॉर्डाच्या दारातच धरलं. मी म्हटलं, अरे, सव्वा लाख म्हणजे तुला थोडे वाटतात का? डॉक्टर लिहून देतायत, सही करायला हात दुखतो का? तो हसला आणि म्हणाला, "राहू द्या मावशी. ओव्हरटाइम हाय की." मला इतका राग आला की मी त्याला आळशी म्हटलं. मागून माझ्याबरोबरच्या बायांना सांगितलं, ह्या पोरांना फुकटची भांडायला माणसं मिळतात, म्हणून किंमत नसते.

खडे त्याने नंतर सरकारी दवाखान्यात काढून घेतले. पतपेढीचं कर्ज फिटेपर्यंत मोशीच्या जागेवर वीट चढली नाही. चार वर्षं तिथे गवत होतं. मी मधल्या काळात निवृत्त झाले.

या वर्षी घर झालं. खाली एक खोली, वर एक, जिना बाहेरून. घरभरणीला मनीषा स्वतः बोलवायला आली. मी गेले. जेवण झाल्यावर बालाजी मला गच्ची दाखवायला वर घेऊन गेला. गच्चीवर पाण्याची टाकी आणि माझ्या खांद्याएवढी भिंत, दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. दवाखान्याच्या केस पेपरची झेरॉक्स. घड्यांवर फाटायला आलेली.

"त्या येळेस अर्जासाठी काढली होती," तो म्हणाला. वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचता येतंय मला. माहिती कुणी दिली, तर बायको."

मी जिन्याकडे बघितलं, वर कुणी येत नव्हतं.

"तवाच कळलं. पण अर्ज करायचा म्हणजे तिला कचेरीत बसवून लिहून घ्यायचं, मी खोटं बोलले म्हणून. माझ्यासमोर. नको वाटलं." कागदाची घडी घातली. "तिला वाटतंय मला ठाव नाही. तसंच असू द्या."

"आणि दारू?" मी विचारलं.

"ती कशासाठी बोलली होती? त्याच्यासाठीच ना. मग सोडली."

चार वर्षांपूर्वी मी या माणसाला आळशी म्हटलं होतं. मी म्हटलं, बालाजी, तिला ते बोलायला मी शिकवलं होतं.

तो टाकीचं झाकण नीट बसवत होता. वळलासुद्धा नाही. "माहितीय की. उगं कोण एवढं पळतंय, मावशी?"

मी खाली आले. मनीषाने पान दिलं आणि जिन्यापर्यंत सोडायला येऊन हळूच विचारलं, हे वर काही बोलले का? मी म्हटलं, टाकी दाखवली.

तेव्हापासून तिचं गुपित माझ्याकडे आणि त्याचंही माझ्याकडे. मी लोकांच्या चादरी सांभाळल्या, मळ सांभाळला, हे मला सांभाळायचं नाही. नावं बदलली असली तरी बेड अकरा आणि मोशीचा अर्धा गुंठा वाचलं की दोघांना कळेल. अंक निघाला की मी स्वतः बसने जाऊन मनीषाच्या हातात देणार आहे. ती दुपारी मोकळी असते, वाचून काढेल. तो पहिल्या शिफ्टवरून साडेचारपर्यंत घरी येतो. त्याला चहा देताना काय बोलायचं ते तिचं तिने ठरवावं. या वेळी मी शिकवणार नाही.